समाधान सोसायटीतली मांडवली

माजिवड्याचा इतिहास शाईने नव्हे, रक्ताने लिहिला गेला आहे, असं बॉस्को मिस्किटा सांगत होता, आणि त्याच वेळी त्याची मुलगी लिओना त्याचं मधलं बोट घट्ट दाबून त्यातून रक्ताचा एक थेंब काढायचा प्रयत्न करत होती. सुई टोचून झाली होती. थेंब येत नव्हता.

"पप्पा, हात सैल सोडा. इतिहास नंतर सांगा."

बॉस्कोने हात सैल सोडला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. एके काळी भर नाक्यावर सायकलची चेन फिरवत उभ्या राहणाऱ्या या माणसाला सुईकडे बघवत नसे. थेंब आला. यंत्राने आकडा दाखवला. लिओनाने तो मोठ्याने न वाचताच यंत्र डबीत ठेवलं, त्यावरून दुपारी भात मिळणार नाही हे त्याला कळलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात एक बाई उभी होती. चपला तिने आधीच बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि पदराच्या टोकाशी तिची बोटं चाळा करत होती. बॉस्को खुर्चीतून उठून उभा राहिला. ही तानाजी शेलारची बायको, शेवंती. एका नळाच्या अंतरावर राहूनही तो तिच्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. एकमेकांच्या घरच्यांकडे मान वर करून बघायचं नाही, हा दोन्ही टोळ्यांचा नियम होता, आणि सरकारच्या कुठल्याही कलमापेक्षा तो जास्त पाळला गेला होता.

तिने पाणी नको म्हटलं, खुर्ची नको म्हटलं, आणि मग उभ्यानेच म्हणाली,

"बॉस्कोभाऊ, मांडवली करायचीय."

लिओनाने हा शब्द फक्त सिनेमात ऐकलेला. तिला हसू येणार होतं, पण तिचं लक्ष वडिलांकडे गेलं. त्यांची पाठ ताठ झाली होती. ती पाठ ताठ होऊ शकते हे फिजिओथेरपीच्या बाईंनाही माहीत नव्हतं.

टोळ्या दोन होत्या, पाखाडी आणि नाका. पाखाडी म्हणजे चर्चमागची जुनी ख्रिस्ती वस्ती, तिथली पोरं बॉस्कोची. नाका म्हणजे सातारा-सांगलीकडून कारखान्यांत कामाला आलेल्यांच्या चाळी, तिथली पोरं तानाजीची. मधे एक सार्वजनिक नळ होता, आणि तो कोणाच्या हद्दीत येतो या प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या बऱ्याच लोकांनी आपले दात खर्ची घातले. पुढे नळ रस्तारुंदीत गेला. या टोळ्या आपण संपवल्या असं पोलीस सांगतात, आणि नगरसेवक मंडळी आपापली नावं सांगतात. खरं म्हणजे त्या कोणीच संपवल्या नाहीत. पाखाडीच्या अर्ध्या पोरांना आखातात नोकऱ्या लागल्या. नाक्याच्या पोरांनी केबलचा धंदा धरला, आणि केबल बुडाली तेव्हा टोळीही तिच्याबरोबर बुडाली. मग नाक्यावर उड्डाणपूल आला. त्याच्याखाली उभं राहून कोणाला धमकी दिली तर समोरचा "काय?" असं विचारायचा. तानाजीकडे शेवटी जो पोरगा भरती व्हायला आला, त्याने आधी आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी असते ते विचारलं. एक शेवटची मोठी मारामारी ठरली होती. ती झाली नाही, कारण दोन्हीकडच्या निम्म्या लोकांची पोरं त्या वर्षी दहावीला होती.

शेवंती बसली तेव्हा चहा गार झाला होता. तानाजीला विसरायला होतं, हे तिने आधी सांगितलं, तेही चष्मा कुठे ठेवला ते विसरावं अशा सुरात. मग हळूहळू कळलं, की तो सगळी मधली वर्षंच विसरला आहे. उड्डाणपूल विसरला, केबल विसरला, मुलगा सुदेश मोठा झाला हे दिवसातून दोन-तीनदा विसरतो. नळ मात्र लक्षात आहे. आणि बॉस्को लक्षात आहे.

ते राहत होते ती समाधान सोसायटी त्याच जुन्या काळात उभी राहिलेली. बांधणाऱ्याला दोन्ही टोळ्यांना हप्ता द्यावा लागला होता, तो त्याला कुठून तरी वाचवणं भाग होतं, आणि त्याने तो सिमेंटमधून वाचवला. आता जिन्यातले गज दिसत होते. इमारत धोकादायक असल्याचं भिंतीवर लाल अक्षरांत लिहून झालं होतं, बाकीची बिऱ्हाडं निघून गेली होती, पाणी बंद झालं होतं. सुदेशने दिव्याला भाड्याने घर घेतलं होतं, सामान पोचतं केलं होतं. फक्त बाप उतरायला तयार नव्हता.

कारण खाली कोपऱ्यावर बॉस्कोची पोरं उभी असायची.

"कोण पोरं?" बॉस्कोने विचारलं.

बिर्याणीचं दुकान निघालंय ना, शेवंतीने सांगितलं. तिथे ती जेवण पोचवणारी पोरं असतात. मोटरसायकली लावून, मोबाइलमध्ये बघत, घोळक्याने उभी. हे दिवसभर खिडकीच्या ग्रिलपाशी बसून त्यांच्यावर नजर ठेवतात. म्हणतात, बॉस्कोने माणसं वाढवलीत. सगळ्यांना ड्रेस शिवलेत.

"कुठल्या रंगाचे?"

"काही लाल. काही नारिंगी."

बॉस्कोला हेवा वाटला. त्याच्या उमेदीच्या काळातही आपल्या पोरांना वेळेवर आणणं त्याला जमलं नव्हतं, एका रंगाचे शर्ट घालायला लावणं तर दूरच.

सुदेशने एकदा बापाला उचलून न्यायचा प्रयत्न केला होता. त्याने ग्रिल सोडली नाही. मनगट सुजलं, आणि मग सुदेशच जिन्यात बसून रडला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तानाजी गालात धरून ठेवतो आणि कुंडीत टाकतो. त्याचं म्हणणं एकच होतं. बॉस्को मांडवलीला आला तर उतरीन. नाहीतर इथेच मरीन, पाठ दाखवून जाणार नाही.

"परवा स्वयंपाकघरातलं छत पोळपाटावर पडलं," शेवंती म्हणाली. "मी डबा आणायला आत गेलेले म्हणून. तुम्ही या. दोन माणसं घेऊन या, नियमाने. त्यांना नियम सगळे आठवतात."

नियम बॉस्कोलाही आठवत होते. मांडवलीला दोन्हीकडून म्होरक्या आणि दोन-दोन माणसं. हत्यार नाही. चहा येतो, आणि पिण्याआधी दोघांनी आपापले कप बदलायचे, म्हणजे कोणी कशात काही घातलं असेल तर ते ज्याचं त्याला. चहा संपला की भांडण संपलं. त्यानंतर जो मागचं उकरून काढील त्याला आपलीच माणसं सोडत नसत.

अडचण दोन माणसांची होती. बॉस्कोने दोन दिवस फोन केले. टोळीतला पोपट आता खडवलीला कोंबड्या पाळत होता आणि कोंबड्यांना सोडून येता येत नाही म्हणाला. आखातातून परतलेल्या एकाने येतो म्हटलं, पण व्हिडिओ कॉलवर. काहींचे फोन त्यांच्या बायकांनी उचलले आणि फोटोला हार घालून किती वर्षं झाली ते सांगितलं. पाखाडीत उरला होता विल्सन. तो आता चर्चमध्ये रविवारी गायचा आणि एका गुडघ्यात त्याच्या स्टील होतं.

"मना पायऱ्या नय जमत," विल्सन म्हणाला. मग त्याने विचारलं, "वर बसायला खुर्ची हाय का?"

दुसरं माणूस म्हणून लिओनाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ती बँकेत होती. वडिलांना एकट्याने तीन मजले चढू देणार नाही, एवढंच तिने सांगितलं. टोळीत आपण आज भरती झालो याकडे तिने लक्ष दिलं नाही. बॉस्कोने कपाटातून काळा शर्ट काढला. वरची दोन बटणं लावूच नका, पूर्वी कुठे लावायचात, असं तिने सुचवलं. खरा प्रश्न खालच्या बटणांचा होता. शेवटी तिने आत बनियनऐवजी टी-शर्ट घालायला लावला आणि शर्ट सगळाच उघडा सोडला. बरं दिसलं.

समाधान सोसायटीचा जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. विल्सन प्रत्येक वळणावर थांबून भिंतीला हात टेकायचा आणि भिंत हाताला लागून यायची. रिकाम्या घरांची दारं लोकांनी काढून नेली होती. आतून एखाद्या देव्हाऱ्याची जागा दिसायची, टाइल्सवरची जुनी फुलं दिसायची. लिओना पुढे, बॉस्को मधे, विल्सन मागे. ही रचना पूर्वीची नव्हती, पण धाप लागल्यावर आपोआप झाली.

वर दार उघडं होतं. एक पलंग, चार खुर्च्या, एक स्टूल आणि खिडकी एवढंच खोलीत उरलं होतं. खिडकीशी तानाजी बसला होता, दाढी केलेली, पांढरा शर्ट, पायांत मोजे. बाजूला सुदेश उभा होता, आणि त्याच्या शेजारची एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती तानाजीच्या दुसऱ्या माणसाची, रतनची. रतनला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तानाजीने सांगितलं की तो खाली बघायला गेलाय, येईल.

तानाजीने विल्सनकडे पाहिलं. लिओनाकडे पाहिलं. मग बॉस्कोकडे, पायांपासून वर.

"कोणाकडून आलात?"

"मी बॉस्को," बॉस्को म्हणाला.

तानाजी सुदेशकडे वळून हसला. मुलांनी रचलेलं खोटं ऐकून मोठी माणसं हसतात, तसं.

"आजोबा, बसा आधी," तो म्हणाला. "धाप लागलीय तुम्हाला."

तो बॉस्कोपेक्षा सहा महिन्यांनी मोठा होता. बॉस्को बसला. शेवंतीने चहाचे दोन कप मधल्या स्टुलावर ठेवले, कान एकमेकांकडे करून, नियमाप्रमाणे. बॉस्कोने त्याला सांगायचा प्रयत्न केला. नळाची गोष्ट सांगितली, होळीच्या वेळची सांगितली, दोघांना एकाच कोठडीत ठेवलं आणि एकच चादर मिळाली ती सांगितली. तानाजी ऐकत होता, मान हलवत होता. हे सगळं ह्या म्हाताऱ्याला कोणी पढवलं असेल याचा विचार करत होता. शेवटी बॉस्को पुढे वाकला आणि भुवईवरची खूण त्याने बोटाने दाखवली.

"हे कोणी केलं?" तानाजीने विचारलं.

"तू."

"मी म्हाताऱ्या माणसांवर हात उचलत नाही," तानाजी म्हणाला. त्याला ते लागलं होतं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शेवंतीकडे बघितलं, जणू तिने साक्ष द्यावी.

मग तोच सांगू लागला. बॉस्को म्हणजे कोण हे या लोकांना माहीत नाही, असं त्याला दिसलं होतं. बॉस्को जिना चढतो तो शिट्टी वाजवत. पहिल्या मजल्यावर आला की तिसऱ्यावर कळतं. पोरांना वाटतं, ऐट करतो. ऐट नाही ती. आपल्याला कळावं म्हणून वाजवतो. झोपेत गाठणार नाही, पाठीमागून येणार नाही, बायकापोरं समोर असली तर परत जाईल आणि दुसऱ्या दिवशी येईल. एकदा आलेला असाच, हा सुदेश तेव्हा मांडीवर होता. दारातून त्याने पाहिलं आणि म्हणाला, उद्या येतो.

"आला?" लिओनाने विचारलं.

"आला ना," तानाजी म्हणाला. "शब्दाचा पक्का माणूस. हात मोडला माझा."

बॉस्को जमिनीकडे बघत होता. शिट्टीचं तो स्वतः विसरून गेला होता. पाखाडीत आता त्याला लोक ओळखायचे ते पाइपलाइनवाले अंकल म्हणून, कारण पाण्याची तक्रार करायला तो सारखा वॉर्ड ऑफिसला जायचा. जगात एकाच माणसाला तो नीट आठवत होता, आणि तो माणूस त्याला ओळखत नव्हता.

"त्याला जाऊन सांगा," तानाजी म्हणाला, "तानाजी बसलाय. स्वतः ये. म्हातारी माणसं आणि पोरी पाठवू नकोस. कप मी त्याच्याबरोबर बदलणार."

त्याने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. मांडवली संपली होती. सुदेशने डोळे मिटले. शेवंती पलंगाच्या कडेवर बसून पदराने कपाची बशी पुसत होती. बशी स्वच्छ होती. तिच्या केसांत वरून पडलेला चुना होता, तो पांढऱ्या केसांमुळे चटकन कळत नव्हता. छतात कुठेतरी करकर झाली आणि खोलीतल्या सगळ्यांनी वर पाहिलं, तानाजीने सोडून.

बॉस्कोने उघडा शर्ट दोन्ही हातांनी पुढे ओढून घेतला.

"बॉस्को नाही येणार," तो म्हणाला. "बॉस्को गेला."

"कुठे?"

"गेला म्हणजे… वारला."

विल्सनने सवयीने क्रूसाची खूण केली. चर्चमध्ये इतकी वर्षं काढल्यावर वारला हा शब्द ऐकला की त्याचा हात आपोआप कपाळाकडे जायचा. तानाजीने तो हात पाहिला. मग त्याची नजर लिओनाकडे गेली. ती वडिलांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"ही कोण?"

"त्याची मुलगी."

समोरचा बॉस्को त्याला पटला नव्हता, पण ही लगेच पटली. "नाक तेच आहे," तो म्हणाला आणि खुर्चीचे हात धरून उठला. तिच्याजवळ जाऊन त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात हलका होता.

"कशाने गेला, बाळा?"

लिओनाने नाक पुसलं.

"साखर," ती म्हणाली. "ऐकायचे नाहीत."

"चाकू नाही? गोळी नाही?"

"नाही. घरीच."

तानाजीने हे डोक्यात नीट बसवून घेतलं. बराच वेळ लागला. मग त्याने विचारलं, जवळ कोण होतं, आणि बॉस्को म्हणाला, मी होतो. बॉस्कोच्या बायकोचं, सुझानाचं विचारलं. ती आधीच गेली, बॉस्कोने सांगितलं. तिला जाऊन चार वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्याने इतक्या साधेपणाने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग बरं," तानाजी म्हणाला. "त्याला तिकडे सोबत आहे."

त्यानंतर तो सुदेशकडे वळला, आणि सुदेशला लहानपणी ओळखीचा असलेला, पण पुष्कळ दिवस न ऐकलेला तो आवाज लागला. पँट दे. ही नको, काळी. रतनला म्हणावं पोरांना गोळा कर, सगळ्यांनी यायचं, टोपी घालून, कोणी दारू पिऊन येणार नाही. शेवंती, फुलं लागतील, त्यांच्यात फुलं नेतात. शेवंतीने आपली चप्पल शोधायला घेतली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

"आता आलाच आहात तर चहा…" ती बॉस्कोला म्हणाली.

"मयत पडलंय आणि चहा कसला," तानाजी म्हणाला.

त्यामुळे बॉस्को साखरेच्या चहातून वाचला.

"मातीला जायला पाहिजे," तानाजी म्हणाला. "मी नाही गेलो तर लोक काय म्हणतील. चर्चच्या मागे ना?"

बॉस्कोने सुदेशकडे पाहिलं. सुदेश पँटचा पाय धरून खाली वाकला होता, तो तसाच थांबला.

"नाही," बॉस्को म्हणाला. "दिव्याला."

"दिव्याला?"

"इकडे जागा नाही राहिली."

तानाजीला हे फार वाईट वाटलं. "मेल्यावरसुद्धा माणसाला दिव्याला जावं लागतं?" तो म्हणाला. पण वाद घातला नाही. ठाण्यात जागा मिळत नाही हे, सगळं विसरूनही, त्याच्या लक्षात राहिलं होतं.

ज्या ग्रिलवरून मुलाला त्याची बोटं सोडवता आली नव्हती, तिच्याकडे पाठ करून तो दारातून बाहेर पडला. जिन्यात त्याने बॉस्कोचा दंड धरला. जपून, आजोबा, असं तो अधूनमधून म्हणत होता, आणि बॉस्को हो म्हणत होता. दोघांपैकी कोण कोणाला उतरवत होतं ते मागून येणाऱ्या लिओनाला सांगता आलं नसतं. शेवंतीने दाराला कुलूप लावलं. मग कुलुपाकडे पाहिलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारामागे पावसाळ्यापासून भरून ठेवलेली कापडी पिशवी उचलून ती उतरू लागली. एकदाही तिने मागे पाहिलं नाही. भीती अशी होती की मागे पाहिलं तर त्यालाही काहीतरी आठवेल.

खाली कोपऱ्यावर पोरं होती. लाल, नारिंगी. सुदेश पुढे होऊन मधे उभा राहायला गेला, पण तानाजीने त्याला बाजूला केलं. तो थांबला आणि त्याने त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"सगळी आलीत," तो हळूच बॉस्कोला म्हणाला. "जीव होता पोरांचा त्याच्यावर."

त्याने पोरांना हात जोडले. पोरं मोबाइलमध्ये होती. एकाने वर पाहिलं, कानातलं काढलं, आणि म्हातारं माणूस हात जोडतंय म्हटल्यावर त्यानेही जोडले. ते बघून दुसऱ्याने जोडले. मग मोटरसायकलींना टेकलेले सगळेच सरळ उभे राहिले, काय झालंय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि एकाने हेल्मेट काढून हातात घेतलं. बॉस्को त्यांच्यासमोरून गेला. त्याची मान खाली होती.

सुदेशने मोबाइलवरून गाडी बोलावली. विल्सन गुडघा लांब करता यावा म्हणून पुढे बसला. मागे तानाजी, बॉस्को आणि शेवंती. सुदेश आणि लिओना तिच्या स्कूटरवरून निघाले. खारेगावपर्यंत तानाजी खिडकीतून बाहेर बघत होता, आणि बाहेरचं काहीच ओळखीचं नसल्याचं त्याला आज नवल वाटत नव्हतं. मयताला माणूस कुठल्याही रस्त्याने जातो.

मग त्याने विचारलं, "तुम्ही त्याचे कोण?"

बॉस्कोने पुढे बसलेल्या विल्सनकडे पाहिलं.

"सोबत असायचो," तो म्हणाला. "लहानपणापासून."

"मग तुम्हाला जास्त लागलं असेल."

तानाजीने आपला हात बॉस्कोच्या गुडघ्यावर ठेवला. मुंब्रा गेलं तरी तो काढला नाही. शेवंती दुसऱ्या खिडकीतून बघत होती. विल्सन पुढे बसून हलक्या आवाजात एक भजन गुणगुणत होता, कारण प्रसंगाला ते धरून होतं, आणि ड्रायव्हरने आपलं गाणं बंद केलं.

दिव्याला नव्या इमारतींच्या मधल्या कच्च्या रस्त्यावर गाडी थांबली. रंगाचा वास येत होता. तानाजी उतरला, शर्ट नीट केला आणि वाकून बॉस्कोला हात दिला.

"कुठे ठेवलंय त्याला?" त्याने विचारलं.

"वर," बॉस्को म्हणाला.

घर सहाव्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट अजून बसवायची होती.